पहिल्या केमोआधीची ४० मिनिटं : कर्करोग रुग्णालयांना एक खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या कर्करोग रुग्णालयांचे प्रमुख, डे-केअर केमोथेरपी केंद्रांचे अधिकारी आणि सार्वजनिक आरोग्य विभाग

स.न.वि.वि.

बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडल्यापासून पहिली सलाइन लागेपर्यंत, किंवा ऑपरेशनची तारीख उजाडेपर्यंत, बहुतेक रुग्णांचे काही आठवडे जातात. या दिवसांत फाइल रुग्णालयात असते. रुग्ण मात्र घरी, लॉजवर नाहीतर धर्मशाळेत असतो आणि त्याच्याशी धड कुणी बोललेलं नसतं. उपचार सुरू झाले की परिचारिका असते, शेजारच्या खाटेवरचा अनुभवी रुग्ण असतो, विचारायला कुणीतरी असतं. त्याआधी कुणीच नसतं, आणि भीती सगळ्यात जास्त त्याच वेळी असते.

आम्ही कर्करुग्णांसोबत काम करणारे समुपदेशक, वैद्यकीय समाजसेवक आणि परिचारिका आहोत. आमची मागणी एकच आहे. पहिल्या उपचाराआधी प्रत्येक रुग्णासोबत ४० मिनिटांची एक बैठक व्हावी आणि रक्ततपासणीइतकीच ती सक्तीची असावी. ही बैठक कशी घ्यायची आणि ती कुठे फसते, ते या पत्रात सविस्तर लिहीत आहोत.

हे आत्ता लिहायला एक कारण आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढच्या ३ वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांमध्ये डे-केअर कर्करोग केंद्रं उभारण्याची घोषणा झाली, त्यातली २०० त्याच वर्षी. परळ, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरला न जाता जिल्ह्यातच केमो मिळणं ही फार मोठी सोय आहे. पण अशा केंद्रांचा आराखडा करताना खुर्च्या, सलाइनचे स्टँड आणि औषधांचा फ्रिज यांचा विचार होतो. बोलायच्या खोलीचा होत नाही. इमारत उभी राहिल्यावर ती खोली काढणं अवघड जातं.

भीती काय, सगळ्यांनाच वाटते, असं म्हणून हा विषय बाजूला पडतो. स्वीडनमधल्या ६० लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. कर्करोगाचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात आत्महत्येचा धोका निदान न झालेल्यांच्या तुलनेत १२ पटींहून जास्त होता. पहिल्या वर्षाचा एकत्र हिशेब केला तर तो ३ पटींच्या आसपास होता. म्हणजे धोका सर्वांत जास्त असतो तो केमोच्या त्रासाने माणूस थकतो तेव्हा नव्हे. रिपोर्ट घेऊन तो घरी जातो आणि पुढची तारीख पंधरा दिवसांनंतरची असते, तेव्हा असतो.

आधी वाट पाहण्याबद्दल. "थांबा, अजून रिपोर्ट यायचाय" एवढंच ऐकून परत पाठवलेला रुग्ण एकच हिशेब करत बसतो : आज किती पसरला असेल? त्याला उशिराचं नेमकं कारण आणि नेमकी तारीख सांगितली तर या हिशेबातली निम्मी धग जाते. कारणं बहुतेक वेळा रास्तच असतात. स्तनाच्या गाठीच्या बायोप्सीनंतर ईआर, पीआर (गाठ संप्रेरकांवर वाढते का) आणि हर-टू (गाठीवर हे प्रथिन जास्त आहे का) या तपासण्या लागतात. हर-टूचा निकाल २+ आला तर फिश ही आणखी एक तपासणी करावी लागते, कारण त्यावरच औषध ठरतं. लाल औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, द्यायचं असेल तर हृदयाचा टू-डी इको हवा. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध द्यायचं असेल तर मूत्रपिंडाची तपासणी हवी, जमल्यास कानांचीही. तोंडाला किंवा घशाला रेडिएशन द्यायचं असेल तर आधी दंतवैद्याकडे जावं लागतं. खराब दात काढला तर जखम भरायला दोन-तीन आठवडे द्यावे लागतात, कारण रेडिएशननंतर काढलेल्या दाताची जागा नीट भरेलच असं नसतं आणि जबड्याचं हाड कुजायला लागू शकतं. हे एवढं समजलेला रुग्ण ते तीन आठवडे तग धरतो. न समजलेला मधल्या काळात झाडपाल्याच्या औषधाकडे वळतो आणि तीन महिन्यांनी परत येतो.

एक-दोन आठवड्यांत बहुतेक गाठी हाताबाहेर जात नाहीत, हे रुग्णाला ठामपणे सांगा. तीव्र रक्ताचा कर्करोग, वेगाने वाढणारे काही लिम्फोमा (लसिकाग्रंथींचे कर्करोग), मज्जारज्जूवर आलेला दाब, असे अपवाद आहेत आणि त्यांना थांबवून ठेवायचंच नसतं. मात्र "काही घाई नाही" असंही म्हणू नका. ७ प्रकारच्या कर्करोगांवरचे अभ्यास एकत्र करून २०२० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलेल्या विश्लेषणात उपचाराला दर ४ आठवडे उशीर झाला की मृत्यूचा धोका ६ ते १३ टक्क्यांनी वाढतो, असं दिसलं. म्हणून बैठकीतून उठताना रुग्णाच्या हातात पुढच्या तीन कामांची यादी, त्या प्रत्येकाची तारीख आणि खोली क्रमांक लिहिलेला कागद असलाच पाहिजे.

आता बैठक. खोलीला दार हवं. टेबलापलीकडे नको, शेजारी खुर्ची टाकून बसावं. पहिली २० मिनिटं रुग्ण एकटा आणि नंतरची २० मिनिटं घरच्यांसोबत, हा क्रम पाळावा. उलटा क्रम केला की रुग्ण शेवटपर्यंत तोंड उघडत नाही. तपासणीच्या दिवशीच, ओपीडीच्या रांगेतून उठवून ही बैठक घेऊ नये. उपाशीपोटी, चार तास उभं राहिलेल्या माणसाच्या कानावर पडलेलं डोक्यात जात नाही. उपचाराआधी दोन ते सात दिवस ही वेळ चांगली. त्याहून आधी सांगितलेलं विसरलं जातं, आदल्या दिवशी सांगितलेलं पचत नाही.

"भीती वाटते का?" असं विचारलं तर आपल्याकडचा रुग्ण, विशेषतः पुरुष, "नाही, तसं काही नाही" म्हणून मोकळा होतो. शरीराचं विचारा. झोप किती वाजता लागते, किती वाजता मोडते? छातीत धडधडतं का? पोटात गोळा येतो का? जेवण जातं का? कशात मन लागतं का? या प्रश्नांना खरी उत्तरं मिळतात. त्यानंतर ० ते १० खुणा असलेली, थर्मामीटरसारखी दिसणारी पट्टी पुढे करावी आणि गेल्या आठवड्यात जिवाला किती घोर होता, तिथे बोट ठेवायला सांगावं. ४ किंवा त्याहून वर बोट गेलं तर पुढे सविस्तर बोलणं आवश्यक. सात प्रश्नांची जीएडी-७ ही चाचणी गेल्या दोन आठवड्यांतल्या चिंतेचं मोजमाप करते. तिच्यात २१ पैकी १० किंवा त्याहून जास्त गुण आले तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावं. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे कागद मुलाच्या किंवा सुनेच्या हातात देणं. ते बाहेर बाकावर बसून सगळीकडे "अजिबात नाही" वर खूण करून आणतात. प्रश्न रुग्णाला, तोंडी, दार लावून विचारावेत.

आणि एक प्रश्न न चुकता, सरळ शब्दांत विचारावा : "जगणं नकोसं वाटतं का? स्वतःचं काही बरंवाईट करून घ्यावं असं मनात आलं का?" विचारल्याने तसं मनात येतं, ही समजूत चुकीची आहे. उत्तर होय असेल तर रुग्णाला एकटं सोडू नये, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांची भेट घडवावी आणि घरातलं कीटकनाशक व औषधांचा साठा घरच्यांनी आजच हलवावा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं. तो प्रत्येक फाइलच्या मुखपृष्ठावर छापा.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगायची आहे, कारण हिच्याकडे अनुभवी डॉक्टरांचंही दुर्लक्ष होतं. चिंता म्हणून जे दिसतं ते प्रत्येक वेळी मनातलंच असतं असं नाही.

तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण निदानाच्या दिवशी खर्रा, गुटखा, तंबाखू किंवा मिश्री एकदम सोडतो. पुढचे तीन-चार दिवस तो चिडचिडा होतो, झोपत नाही, हात चाळवत बसतो, एका ठिकाणी स्वस्थ बसवत नाही. ही निकोटिन सुटल्याची लक्षणं आहेत. पहिल्या आठवड्यात ती सर्वांत तीव्र असतात आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. हे त्याला कुणी सांगितलं नाही तर आपण कोसळत चाललोय अशी त्याची खात्री होते आणि तो पुन्हा पुडी फोडतो. तोंडात जखम असेल तर निकोटिनचा च्युइंगम चालत नाही, कातडीवर लावायची पट्टी वापरता येते. तंबाखू सोडण्यासाठी १८०० ११ २३५६ ही राष्ट्रीय क्विटलाइन मोफत आहे.

दारूचं प्रकरण याहून गंभीर. रोज पिणारा माणूस ऑपरेशनसाठी भरती होतो आणि दारू अचानक तुटते. पहिल्या दिवसात हात थरथरतात, घाम येतो. दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होऊ शकतो, आणि तो जिवावर बेततो. घरचे लोक "घाबरलाय" म्हणतात आणि वॉर्डही तसंच लिहून घेतो. म्हणून किती, किती वर्षं आणि शेवटची कधी, हे तीन प्रश्न न रागावता विचारावेत.

तिसरं कारण आपल्याच गोळ्यांचं. पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध देण्याआधी ॲलर्जी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन देतात. जुन्या पद्धतीत १२ तास आणि ६ तास आधी, प्रत्येक वेळी २० मिलिग्रॅम. सकाळी १० ला औषध असेल तर एक डोस रात्री १० ला आणि दुसरा पहाटे ४ ला. हे स्टेरॉइड झोप उडवतं, हृदयाचे ठोके वाढवतं, अंगात एक विचित्र उसळी आणतं. रुग्ण रात्रभर छताकडे बघत राहतो आणि आपल्याला केमोची दहशत बसली, आपल्याच्याने हे होणार नाही, असं समजून सकाळी येतच नाही. "या गोळ्यांनी आज झोप लागणार नाही, ती भीती नव्हे" हे एक वाक्य आदल्या दिवशी सांगितलं तर तो येतो. मधुमेह असेल तर साखर चढेल हेही तेव्हाच सांगावं. अनेक ठिकाणी हाच डोस आता औषधाआधी अर्धा तास शिरेतून देतात. आपल्या केंद्रात ते बसतं का, हे कर्करोगतज्ज्ञांनी जरूर पाहावं. डोसेटॅक्सेल या दुसऱ्या केमोच्या औषधासोबतच्या तीन दिवसांच्या स्टेरॉइडमध्ये दुसरी गोळी रात्री न देता दुपारी द्यावी, एवढ्यानेही फरक पडतो.

उलटीसाठी दिलेल्या मेटोक्लोप्रामाइडने काही रुग्णांना, विशेषतः तरुणांना, इतकी तळमळ होते की पाय एका जागी ठेवता येत नाहीत. ती औषध बदलून थांबते, धीर देऊन थांबत नाही. अचानक धाप लागून घाबरं होत असेल तर आधी ऑक्सिजन तपासावा, कारण पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली असू शकते. हिमोग्लोबिन ७ वर आलेल्या बाईला धडधड होणारच. रात्री दुखणं न थांबलेल्या माणसाला झोप कशी लागेल? दुखण्याचं औषध नीट केलं की अर्धी चिंता आपोआप उतरलेली दिसते.

पहिल्या केमोचा दिवस कसा जाईल, ते क्रमाने सांगावं. आधी रक्ताचा रिपोर्ट पाहतात. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १५०० च्या खाली किंवा प्लेटलेट १ लाखाच्या खाली असतील तर सहसा केमो आठवडाभर पुढे जाते. हे आधीच सांगून ठेवलं नाही तर "आज केमो नाही" हे शब्द रुग्णाला "आता काही उपयोग नाही" असे ऐकू येतात. हलका नाश्ता करून यावं, उपाशी येऊ नये. बाही सहज वर जाईल असा सैल कपडा घालावा. रोजच्या रक्तदाबाच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या घ्यायच्या की नाही, ते लिहून द्यावं. मग सुई लागते. उलटीविरोधी औषधं साधारण अर्धा तास आधी जातात. लाल औषध परिचारिका स्वतः शेजारी बसून, चालू सलाइनमधून सावकाश सोडते. या वेळी सुईच्या जागी जळजळलं, दुखलं किंवा सूज आली तर त्याच क्षणी सांगायचं. आपल्याकडच्या बायका सोसत राहतात, सिस्टरला त्रास कशाला म्हणून गप्प बसतात. हे औषध शिरेबाहेर गेलं तर मांस जाळतं, म्हणून सोसायचं नाही हे त्यांना दोनदा बजावावं. नंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नाही. केस दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, पुंजक्यापुंजक्याने गळायला लागतात. तो पहिला झुबका उशीवर दिसण्याआधी केस बारीक करून घ्यायचे का, हा निर्णय तिचा तिला घेऊ द्यावा.

उलटी पहिल्याच फेरीत नीट आवरणं हे मनाच्या दृष्टीनेही फार महत्त्वाचं आहे. पहिल्या वेळी खूप उलट्या झाल्या की मेंदू स्पिरिटचा वास, डे-केअरचा दरवाजा आणि मळमळ यांची गाठ बांधून टाकतो. मग तिसऱ्या-चौथ्या फेरीला रुग्ण रुग्णालयाच्या फाटकापाशीच ओकतो, औषध लागण्याआधी. ही मळमळ नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही. आधीपासून फार घाबरलेल्या, तरुण आणि प्रवासात मळमळणाऱ्या लोकांना हा धोका जास्त. बैठकीत असे रुग्ण ओळखून डॉक्टरांना कळवलं तर पहिल्याच दिवशी ओलांझापिनसारखं भक्कम औषध जोडता येतं.

ताप हा एकमेव विषय असा आहे की तिथे थोडी भीती घालावीच लागते. केमोनंतर ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. घरी डिजिटल थर्मामीटर हवा. १००.४ फॅरनहाइट किंवा वर ताप गेला तर क्रोसिन घेऊन सकाळची वाट पाहायची नाही, रात्री दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठायचं. फोन कुणाला करायचा, तो क्रमांक त्याच कागदावर मोठ्या अक्षरांत हवा. हा फोन दिवसा डे-केअरच्या परिचारिकेकडे आणि रात्री अपघात विभागात, चार्ज केलेला आणि उचलला जाणारा असावा. रुग्णांची चिंता कमी करणारं याहून स्वस्त साधन आम्हाला माहीत नाही.

रेडिएशनच्या, म्हणजे गावाकडे ज्याला लाईट किंवा शेक म्हणतात त्याच्या, रुग्णांना वेगळी तयारी लागते. डोकं-मानेच्या भागावर उपचार असेल तर चेहऱ्याचा साचा बनवतात. प्लॅस्टिकची जाळीदार पट्टी साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात मऊ करतात, निथळून चेहऱ्यावर ओढतात आणि कडांनी टेबलाला अडकवतात. गरम ओलसर स्पर्श होतो, भाजत नाही. काही मिनिटांत ती कडक होते आणि मग तोंड उघडता येत नाही, मान हलत नाही. श्वास मात्र जाळीतून नेहमीसारखाच घेता येतो. हे माहीत नसलेला माणूस त्या क्षणी घाबरून धडपडतो, साचा वाकडा बसतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. उपाय सोपे आहेत. एक जुना साचा बैठकीच्या खोलीत ठेवा आणि तो रुग्णाच्या हातात द्या. जाळीतून आरपार दिसतं हे त्याला बघू द्या. तोंडावर धरून वीस अंक मोजू द्या. खऱ्या साच्याच्या वेळी डोळे आधीच मिटून घ्यायला सांगा, म्हणजे जाळी चेहऱ्यावर येताना दिसत नाही. कॅमेऱ्यातून आत सतत लक्ष असतं, हात वर केला की मशीन थांबवून तंत्रज्ञ येतो आणि क्लिपा काही सेकंदांत सुटतात, हे त्याच्यासमोर एकदा करून दाखवा. नियोजनात बसत असेल तर डोळ्यांच्या जागी जाळी कापता येते. तरीही घबराट होणाऱ्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने अर्धा-पाऊण तास आधी सौम्य गोळी देता येते, पण मग सोबत माणूस हवा.

साचा झाल्यावर आराखडा तयार व्हायला काही दिवस ते दोन आठवडे जातात. "साचा झाला, मग लाईट का देत नाहीत?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, म्हणून त्याचं उत्तर आधीच द्यावं. उपचार आठवड्यातून ५ दिवस असतो, टेबलावर १०-१५ मिनिटं, आणि तोंड-घशासाठी साधारण ३० ते ३५ वेळा. बाहेरून दिलेल्या रेडिएशननंतर अंगात किरण उरत नाहीत. नातवाला मांडीवर घ्यायला काहीच हरकत नाही. हे वाक्य आजी-आजोबांना सांगायला विसरू नका.

घरच्यांबरोबरच्या वीस मिनिटांत पहिली अडचण उभी राहते ती "आईला काही सांगू नका" ही. मुलाला झिडकारू नये, कायदा ऐकवू नये. आईला कळलं तर काय होईल असं तुम्हाला वाटतं, हे त्यालाच विचारावं. त्याची भीती प्रेमातूनच आलेली असते. मग त्याच्या परवानगीने आईला विचारावं : "तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला आतापर्यंत काय कळलंय? पुढचं सगळं तुम्हाला सांगू, थोडक्यात सांगू, की मुलाशी बोलू?" "मुलाशीच बोला" म्हणाली तर तेही मान्य करावं आणि फाइलमध्ये तसं लिहावं. पण तिने सरळ विचारलं तर खोटं बोलणार नाही, हे मुलाला आधीच सांगून ठेवावं. संमतीपत्रावर सही तिचीच लागते आणि डे-केअरच्या दारावर पाटी मोठ्या अक्षरांत असते. बहुतेक वेळा तिला कळलेलंच असतं. ती मुलासाठी गप्प असते, मुलगा तिच्यासाठी, आणि दोघं एकाच खोलीत रात्र जागून काढतात.

मूल व्हायचं आहे अशा वयातल्या रुग्णांना वीर्य किंवा बीजांडं साठवण्याबद्दल या बैठकीची वाट न पाहता, निदान होताच सांगावं लागतं. वीर्य एक-दोन दिवसांत साठवता येतं, बीजांडांना साधारण दोन आठवडे लागतात. स्वतःहून कुणी हा प्रश्न काढत नाही, अविवाहित मुली तर नाहीच नाही.

पैशांची चिंता वेगळी काढून ठेवता येत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण उपचाराआधी मंजुरी लागते. तेव्हा आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा रुग्णालयातला मदतनीस, याच बैठकीला पाच मिनिटं यावा आणि रेशनकार्ड व आधारवरची नावं जुळतात का ते तिथेच पाहावं. नावातल्या एका अक्षरापायी मंजुरी अडते आणि पहिली तारीख हुकते. योजनेची हेल्पलाइन १५५३८८. ती योजना बसत नसेल तर धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. उपचारासाठी रेल्वेने जाणाऱ्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण भाडं माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. त्याचा फॉर्म रुग्णालयानेच भरून द्यायचा असतो. तो मागितल्यावर नव्हे, आपणहून द्या.

घरी करायला फार काही देऊ नये. नाकाने चार अंक मोजत श्वास आत, सहा अंक मोजत बाहेर, दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं. बाहेर सोडणं लांब असलं की ठोके उतरतात. सुई लागताना आणि साच्यातही हेच उपयोगी पडतं, पण त्यासाठी आधीचे दिवस रोज सराव हवा. बैठकीत दोन मिनिटं सोबत करून घ्यावं, नुसता कागद देऊन होत नाही. काळजीला संध्याकाळची एक ठरावीक वीस मिनिटं द्यावीत, झोपायच्या वेळेपासून लांब. डोक्यात येईल ते वहीत लिहावं आणि ज्यांना उत्तर असू शकतं ते प्रश्न वेगळ्या पानावर डॉक्टरांसाठी काढावेत. नातेवाइकांचे फोन घरातल्या एकानेच घ्यावेत. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत बसणं हे रुग्णाचं काम नव्हे. अंगात ताकद असेल तर रोज वीस-तीस मिनिटं चालावं.

"पॉझिटिव्ह राहा" हा सल्ला मात्र कृपा करून भिंतीवरच्या पोस्टरांवरूनही काढून टाका. तो ऐकून रुग्णाला वाटतं की आपण घाबरलो म्हणून गाठ वाढेल. भीतीने गाठ वाढते याला भरवशाचा पुरावा नाही. घाबरलेल्या माणसावरही केमो तेवढंच काम करतं, हे त्याला ऐकू द्या.

झोपेची किंवा चिंतेची गोळी लागली तर लाज नाही, पण ती दुकानातून आणलेली नको. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या थोड्या दिवसांपुरत्याच, वयस्कांना अगदी कमी, आणि मॉर्फिन चालू असेल किंवा दारू असेल तर श्वास मंदावण्याचा धोका लक्षात घेऊनच द्याव्यात. दीर्घकाळ द्यायच्या गोळ्यांना परिणाम दाखवायला दोन ते चार आठवडे लागतात. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईला पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन ही नैराश्य-चिंतेवरची औषधं टाळावीत, कारण ती टॅमॉक्सिफेनचं काम अडवतात. चिंतेवरचं एस्सिटालोप्राम आणि उलटीवरचं ऑन्डान्सेट्रॉन एकत्र असतील तर ईसीजी पाहावा. काढे, चूर्णं, अश्वगंधा यांबद्दलही विचारावं, आणि असं विचारावं की रुग्ण लपवणार नाही.

माणसं कुठून आणायची, हा आपला प्रश्न असेल. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि सामाजिक कार्यकर्ता ही पदं जिल्हा रुग्णालयातच आहेत. आठवड्यातली एक सकाळ त्यांची डे-केअरला जोडा. पदं रिकामी असतील तर डे-केअरमधल्या एका परिचारिकेला प्रशिक्षण द्या आणि बैठकीच्या वेळेत तिला सलाइनच्या ड्युटीतून मोकळं करा. जास्तीचं काम म्हणून लादलेली बैठक महिनाभरात पाच मिनिटांची होते.

आणि पहिल्या केमोच्या प्रिस्क्रिप्शनवर "बैठक झाली : तारीख, सही" असा एक रकाना छापा. तातडीचे रुग्ण सोडून तो कोरा असेल तर औषध तयार करायला पाठवू नका. बैठकीची प्रश्नावली, रुग्णाला द्यायच्या कागदाचा मराठी नमुना आणि परिचारिकांच्या प्रशिक्षणाची टिपणं आम्ही तयार केली आहेत. जे केंद्र मागेल त्याला ती देऊ आणि पहिल्या बैठकांना सोबत बसायलाही येऊ.

कळावे,

आपले,
कर्करुग्णांसोबत काम करणारे समुपदेशक, वैद्यकीय समाजसेवक आणि परिचारिका